ढग आले की या

आमच्या आत्याला सगळी गल्ली कडकताई म्हणते. तिच्याहून वयाने मोठी माणसंही ताईच म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. नाव पडलं ते कॉलरीवरून. तिने इस्त्री केलेली कॉलर अशी ताठ उभी राहायची की घालणाऱ्याला मान खाली घालायची सोय उरायची नाही. एक कारकून तर उघड सांगायचा, की साहेबांची बोलणी खायची असतील त्या दिवशी मी मुद्दाम कडकताईच्या हातचा शर्ट घालतो. बाकी बाई लोण्यासारखी मऊ. मांजर इस्त्रीच्या घडीवर झोपलं तर ते उठेपर्यंत गिऱ्हाइकाला बसवून ठेवायची आणि वर चहा पाजायची.

आणि हसायची! तिचं हसणं दुकानात सुरू झालं की समोरच्या सलूनमधला न्हावी वस्तरा उचलून हवेत धरायचा, कारण खुर्चीतलं गिऱ्हाईक हमखास हलायचं. पण ते हसणं कधी पुरं म्हणून व्हायचं नाही. जन्मभर कोळशाची इस्त्री चालवलेली. धूर आणि राख छातीत मुक्कामाला. हसणं ऐन रंगात आलं की खोकला यायचा आणि उरलेलं हसणं गिळून टाकायचा. मग ती टेबल धरून वाकायची, आई पाणी घेऊन धावायची आणि बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांना ते बघवत नसे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. "कोळसा आजपासून बंद. इस्त्री करायची तर विजेवर करा. नाहीतर करू नका."

आता, आमच्या आत्याला इस्त्री करू नका म्हणणं म्हणजे माशाला जरा बाहेर येऊन बस म्हणण्यापैकी. तिने लग्नही केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "घडी मोडते." दुकान हाच तिचा संसार. पण आमच्या गल्लीतली दिवसाची वीज म्हणजे नुसती नावाची. आली तर आली, आणि आली तरी अंगात जीव नाही. इस्त्री लावली की मान टाकायची. तेव्हा बाबांनी ठरवलं की गच्चीवर सोलर बसवायचं.

"वर एवढा सूर्य रिकामा तापतोय," ते म्हणाले, "लावू त्यालाच कामाला."

फिटर आला, दोन दिवस ठोकाठोक केली, गच्चीवर निळी काळी पॅनल एका रांगेत तिरकी उभी राहिली. जिन्याखाली, कोळशाच्या पोत्याच्या वर, इन्व्हर्टर टांगला. फिटरने सगळ्यांना समोर उभं करून समजावलं. बॅटरी लहान आहे, तिच्यावर दिवे-पंखे चालतील. इस्त्रीला मात्र थेट वरूनच वीज यायला हवी. हिरवा दिवा असेल तर खुशाल इस्त्री लावा. दिवा लाल होऊन पेटी टूं टूं करायला लागली की वरून पुरेशी येत नाही असं समजा. आम्ही माना डोलावल्या. जाता जाता, चपला घालताना, तो आणखी एक वाक्य बोलला.

"आणि हो, ह्यांना उजेड लागतो, ताप नाही. उलट फार तापली तर जरा मंदावतात."

एवढं एक वाक्य तो गिळला असता तर पुढचं रामायण घडलं नसतं.

कोळशाची इस्त्री टेबलाखाली गेली. कोळशाचं अर्धं पोतं मात्र आत्याने टाकू दिलं नाही. "असू दे, अडीनडीला," म्हणाली. बाबांच्या डोळ्यांत ते पोतं खुपायचं. कारण अडीनडी म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विजेने दगा दिला की ही बया पुन्हा निखारे फुलवणार आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं होणार. ते काय, हे आम्ही बोलत नसू.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. गार वारा, आभाळात पांढरे पातळ ढग, ऊन-सावलीचा खेळ, आणि खाली हिरवा दिवा. आत्या कपडे उरकत सुटली. नव्या इस्त्रीला ती लाडाने "सूनबाई" म्हणायला लागली. मग आभाळ मोकळं झालं. लख्ख ऊन, डोळे दिपवणारं. आणि सूनबाईंनी अंग टाकलं. लाल दिवा, टूं टूं टूं.

दुसऱ्या दिवशीही तेच. ऊन रखरखीत, इस्त्री गार. तिसऱ्या दिवशी ढग आले आणि हिरवा दिवा लागला!

आम्ही चक्रावलो. आत्या मात्र चक्रावली नाही. तिला फिटरचं वाक्य आठवलं.

"म्हणाला नव्हता का तो? ताप सोसत नाही त्यांना. ऊन पडलं की घेरी येते. ढग आले की बरं वाटतं."

"अगं, सोलर आहे ते," बाबा म्हणाले. "सूर्यावर चालतं."

"दादा, तूसुद्धा माझ्याच कमाईवर चालत होतास, पण मी समोर आले की पळायचास ना?"

हे त्यांचं बेकारीच्या दिवसांतलं प्रकरण होतं आणि ते तिने बरोबर ठेवणीतून काढलं.

पुढे महिनाभर तिच्या म्हणण्याला रोज नवा पुरावा मिळत गेला. ऊन, लाल. ढग, हिरवा. एकदा आभाळ अगदी काळंकुट्ट भरून आलं आणि तेव्हाही दिवा लाल झाला, तर म्हणाली, "अति खाल्लं की कुणालाही अजीर्ण होतं." न्हाव्याने कपाळावर हात मारून घेतला. पण दिवा तिच्या बाजूने होता, त्याला काय करणार?

शेवटी तिने दुकानाबाहेर पाटी लावली. खडूने, ठसठशीत अक्षरांत: ढग आले की या.

गल्लीला चेष्टेला विषयच मिळाला. लोक गाठोडं घेऊन येत, वर बघत, आणि आभाळ निळं दिसलं की च्यक् च्यक् करत परत जात. उन्हाळी टोपी घालून एक म्हातारे रोज विचारत, "कडकताई, आज सूर्य आहे हो, मग आपली विजार कधी?" न्हावी आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, समोर चंद्रावर चालणारी मशीन आलीय. आत्या वरवर हसायची, पण अर्धंच. त्या महिन्यात ती मनापासून अशी हसलीच नाही. उन्हाचे दिवस वाढत चालले होते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरत होतं.

बाबांनी फिटरला बोलावलं. तो आला तो ऐन उन्हाच्या दिवशी. पाहुणा माणूस गच्चीवर जाणार म्हणून आईने सकाळीच वर जाऊन सगळं आवरलं, झाडलं, पुसलं. फिटरने यंत्र लावून तपासलं, खाली आला, इस्त्री लावली. हिरवा दिवा! दिवसभर हिरवा! तो आम्हा सगळ्यांकडे अशा नजरेने बघून गेला की ह्या घरात पाणीही पिऊ नये.

"कळलं ना?" आत्या म्हणाली. "मास्तर वर्गात आले की पोरं कशी शहाणी होतात? माणूस बघून वागतात मेले."

आता आमच्या घरची व्यवस्था सांगते, म्हणजे तुमच्या ध्यानात येईल की आम्ही मूर्ख नव्हतो, फक्त विभागलेले होतो. दुकानात कपडे धुवायलाही येत. धुणं आईकडे, इस्त्री आत्याकडे. ऊन पडलं की आई गच्चीवर दोरीवर कपडे वाळत घालायची, आभाळ असलं की खालच्या बोळात, पंख्याखाली. आई वर असे तेव्हा तिला दिवा दिसत नसे. बाबा दिव्याखाली स्टूल टाकून बसत, पण गुडघ्यांमुळे गच्चीवर कधी जात नसत. आत्याला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागे. आणि मी दिवसभर कामावर. म्हणजे जिला गच्ची दिसायची तिला दिवा दिसत नव्हता, आणि ज्याला दिवा दिसायचा त्याला गच्ची. तुम्हाला कळलं असेल. आम्हाला नाही कळलं. आणि कळलं ते बँडवाल्यांमुळे.

आमच्या गावच्या बँडचा त्या दिवशी बागेतल्या चौथऱ्यावर कार्यक्रम होता. आदल्या संध्याकाळी तालमीत अवकाळी सर आली आणि सगळ्यांचे लाल कोट चिंब भिजले. सकाळी बँडमास्तर स्वतः हातगाडी घेऊन दारात. गाडीत ओल्या कोटांचा ढीग, वर पितळी बटणं चमकताहेत.

"कडकताई, संध्याकाळपर्यंत वाळवून, इस्त्री करून. तुमच्याशिवाय कोण आहे?"

आत्याने वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. एक ढग म्हणून नाही. सोन्यासारखं ऊन, आणि तिचा चेहरा पडला. अख्ख्या गावात उन्हाला बघून हिरमुसलेली तेवढी एकच बाई असेल.

"मास्तर, दिवस वाईट आहे," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "ठेवा. करते."

आईने सगळे कोट नेऊन गच्चीवर वाळत घातले. थोड्याच वेळात दिवा लाल. टूं टूं टूं. कोट वाळायला लागले तसा वरून एकेक खाली यायला हवा होता, पण खाली इस्त्री थंडगार. मी त्या दिवशी सुट्टी घेऊन घरीच होते. आत्याने इस्त्रीला हात लावून बघितला, पुन्हा बघितला. मग ती शांतपणे वाकली, टेबलाखालून कोळशाची इस्त्री ओढून काढली आणि पदर खोचला.

"दादा, कोळसा दे."

बाबा उठले. मला वाटलं, देतात. ते जिन्याखाली गेले आणि सरळ पोत्यावर बसले. मांडी घालून, दोन्ही हातांनी पोत्याच्या कडा धरून.

"ऊठ," आत्या म्हणाली.

"नाही उठत."

"दादा, शब्द दिलाय मी."

"मी पण दिलाय. डॉक्टरीणबाईंना."

"एका दिवसाने काय होतंय?"

"एका दिवसाने नाही होत. उद्या परत ऊन आहे. परवा परत ऊन आहे." बाबांनी पोतं आणखी घट्ट धरलं. "तू गेलीस तर मी कुणाशी भांडू?"

आत्याला बाबांसमोर रडायचं नव्हतं म्हणून असेल, ती वळली आणि तरातरा जिना चढायला लागली. मी मागे धावले. मधल्या पायरीवर थांबून तिने धापा टाकल्या, पुन्हा चढली. सूर्याला जाब विचारायलाच निघाली होती जणू. गच्चीवर पोचली आणि दोरीशेजारी उभी राहून, कमरेवर हात ठेवून, वर बघून म्हणाली, "एक ढग! एक दिलास तर काय तुझ्या बापाचं जातंय?"

ढग नाही आला. वारा आला.

गार, जोराचा वारा. दोरीवरचे सगळे कोट एकदम आडवे झाले, लाल बाह्या आभाळात फडफडायला लागल्या. आणि खालून, पोत्यावरून, बाबांची आरोळी आली, "आलं! हिरवा!"

वारा पडला. कोट खाली लोंबले.

"गेलं! लाल!"

पुन्हा झुळूक. बाह्या वर.

"आलं! ... गेलं! ... अगं आलं! ... छे, गेलं! काय चाललंय काय वर?"

आत्या पुतळ्यासारखी उभी. मग तिची नजर दोरीवरून हळूहळू खाली उतरली. दोरीपुढे, पॅनलांच्या खालच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोटांच्या बाह्यांची सावली पडली होती. एखाद्या काळ्या झालरीसारखी, नीट, एका रेषेत. वरचं सगळं पॅनल उन्हात न्हात होतं आणि तेवढ्या खालच्या पट्टीने, एकाला एक जोडलेल्या त्या सगळ्या पॅनलांचा गळा धरला होता. कपडे वाळवायची काठी कोपऱ्यात होती. आत्याने ती उचलली, दोरीला अडकवली आणि दोरी डोक्यावर उंच उचलून धरली. सावली पॅनलांवरून सरकून फरशीवर आली.

"आलं!" खालून बाबा.

दोरी खाली.

"गेलं!"

वर.

"आलं! आता हलवू नकोस, जे काय हलवतेयस ते!"

तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे असे मोठे झाले होते की मला भीती वाटली. ऊन पडलं की आई कपडे घालायची. कपडे घातले की दिवा जायचा. ढग आले की कपडे खाली. आणि फिटर आला त्या दिवशी आईने पाहुण्यासाठी दोरी मोकळी केली होती! महिनाभर आम्ही सूर्याला शिव्या घातल्या आणि गुन्हेगार होते लोकांचे शर्ट.

"वहिनी!" ती जिन्यात ओरडली. आई बादली घेऊन वरच येत होती. "वहिनी, तुम्ही माझा सूर्य झाकत होतात!"

"मी?" आई दचकली. "वन्सं, मी तर फक्त कपडे वाळत घालत होते."

नणंद-भावजय एकमेकींकडे बघत राहिल्या. कुठल्याही घरात अशा वेळी वर्षभराचं भांडण उभं राहिलं असतं. पण आमच्या आईने बादली खाली ठेवली आणि दोरीवरून कोट असे ओढायला लागली की चिमटे टणाटण उडून शेजारच्या गच्चीवर गेले. आत्या काठीने कोट गोळा करत होती आणि ओरडत होती, "दादा! ऊठ त्या पोत्यावरून! सूनबाईला लाव!"

आता कोट वाळवायचे कुठे? गच्ची तर बंद. तो तोडगा चौकशीला आलेल्या मास्तरांनी काढला. त्यांनी सगळ्या वादकांना बोलावलं आणि हुकूम सोडला की ज्याचा ओला कोट त्याने अंगात घालायचा आणि गल्लीत उन्हात हात पसरून उभं राहायचं. तर ते राहिले! ढोलवाला, ट्रम्पेटवाला, झांजवाला, सगळे रस्त्याच्या मध्ये लाल कोटात, हात आडवे करून. पुढची बाजू वाळली की मास्तर ओरडत, "पलटी!" आणि सगळी पलटण पाठ फिरवी. उभ्या उभ्या तालीमही उरकली. वाद्यं नव्हती म्हणून तोंडाने. ढोलवाला तोंडाने धुम धुम करतोय, ट्रम्पेटवाला गाल फुगवून पॅ पॅ करतोय, आणि मास्तर आमच्या कपड्यांच्या काठीने ताल देताहेत. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेल्या तोंडाने बाहेर येऊन उभं राहिलं. न्हावी म्हणाला, आजपासून मी सलून बंद ठेवून नुसतं तुमच्याकडेच बघत बसतो.

आत हिरवा दिवा. ज्याचा कोट वाळे तो येऊन टेबलावर टाके आणि आत्या तो ओल्या फडक्याखाली असा दाबे की वाफ छपराला लागे. गार वारा होता, ऊन चोख होतं, सूनबाईला एवढं बळ कधी आलं नव्हतं. दुपारी एक चुकार ढग कुठूनसा आला आणि दिवा लुकलुकला.

"हो बाजूला!" आत्या खिडकीतून त्याच्यावर खेकसली. "तोंड घेऊन आला!"

कालपर्यंत ज्याला पाटी लावून बोलावत होती, तोच हा ढग. माझ्या मनात आलं, जगात कुणाचं काही खरं नाही.

मास्तरांचा कोट शेवटी. आधी पोरांचे, मग माझा, असा त्यांचा रिवाज. पण तो टेबलावर आला तेव्हा सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे उतरला. दिवा लाल झाला. टूं टूं टूं. इस्त्रीत होती तेवढीच धग. बाबांनी आत्याकडे बघितलं आणि नकळत जिन्याच्या दिशेने, पोत्याकडे, एक पाऊल टाकलं. बसायच्या तयारीने.

आत्याने कोट उलटसुलट बघितला.

"मास्तर, वाजवताना तुमचं तोंड कुणाकडे?"

"पोरांकडे."

"आणि लोकांकडे?"

"लोकांकडे पाठ."

"मग पाठच आणा इकडे," असं म्हणून तिने उरलेली सगळी धग त्या कोटाच्या पाठीवर घातली.

संध्याकाळी आम्ही सगळे बागेत. आई, बाबा, मी, न्हावी, विजारीवाले म्हातारेही, ती विजार घालून. चौथऱ्यावर लाल कोटांची रांग, कॉलरी अशा की खाली बघून वाजवणाऱ्यांची पंचाईत. आणि मास्तरांची पाठ! पाठीकडे बघून टाळ्या पडाव्यात अशी पाठ मी पहिल्यांदाच बघितली. सुरकुती नाही, चुणी नाही. आत्या पुढच्या रांगेत हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी बसली होती.

शेवटची धून संपली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर भान विसरले आणि लोकांना वाकून नमस्कार करायला गर्रकन वळले.

पुढून तो कोट असा, की गायीने चघळून परत दिला असावा. बटणपट्टी एका बाजूला, खिसे दुसऱ्या. मास्तरांनी खाली स्वतःकडे बघितलं, मग आत्याकडे बघितलं, आणि पुन्हा झटकन पाठ फिरवून, पाठीनेच वाकले.

आत्याला हसू फुटलं.

आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग ते तिचं जुनं, वस्तरा थांबवणारं हसणं. आजूबाजूचे लोकही हसायला लागले. आम्ही मात्र हसत नव्हतो. आम्हाला माहीत होतं पुढे काय येतं. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून झाकण उघडून धरली. मी आत्याची पाठ चोळायला हात पुढे केला. हसणं चढत गेलं, जिथे दर वेळी तुटायचं तिथे आलं, आणि तिथून पुढे गेलं. तिने डोळे पुसले, पुन्हा मास्तरांच्या पाठीकडे बघितलं, पुन्हा हसली. मग हसता हसता दमली, एक मोठा श्वास घेतला, आणि हसणं आपोआप, त्याच्या त्याच्या मर्जीने संपलं.

"काय झालं?" ती आम्हाला म्हणाली. "असे काय बघताय सगळे?"

आईच्या हातात बाटली तशीच उघडी होती. आणि बाबा, ते दुसरीकडे बघत नव्हते. तिच्याकडेच बघत होते.